शेऱ्याचा रकाना

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१२ ऑगस्ट २०२०

ती. स्व. भाऊंस,
उषाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अठरा दिवस लागले त्याला. निखिलनं पाकिटावर सॅनिटायझर इतका फवारला की शेवटच्या चार ओळी पसरल्या. त्या ओळींत मला काही बोलला असाल तर ते वाया गेलं, पुन्हा लिहा. फोन मात्र नको. मागच्या वेळी मी सांगितलं की मंडळ बंद पडलंय, आणि तुम्ही वहिनींना सांगितलंत की उषाकडे सगळं मजेत आहे. यंत्र कानात घालायचं असतं भाऊ, डब्यात ठेवायचं नसतं.

मंडळ मार्चपासून बंद आहे. अडुसष्ट वर्षांत भाग्योदय नाट्यमंडळाला इतके दिवस कुलूप कधी लागलं नव्हतं. मी चिटणीस म्हणून रोज सकाळी जाते, खिडक्या उघडते, पेटीचा भाता दोनदा हलवते आणि परत येते. सेवेत आठ माणसं आहेत. त्यांचं मानधन दिल्लीच्या अनुदानातून यायचं, यंदा प्रयोग नाहीत म्हणून तेही थांबलं. शिवराजनं तबला गुंडाळून ठेवला, दुचाकीवर लोकांची पार्सलं पोचवतो. पेटीवाल्या त्रिवेणीबाई डबे करून देतात. पण एकनाथरावांनी काय करावं? ब्याऐंशीव्या वर्षी रंगभूषा करणाऱ्या माणसाला कोण काम देणार, जो तो तोंड झाकून बसलाय. दिलसुखनगरच्या खोलीत ते एकटेच असतात. खालचा कोचिंग क्लास बंद झाल्यापासून इमारतीत दुसरं माणूस नाही. साखरेचं इंजेक्शन रोजचं, ते दिवसाआड घेतात असं त्रिवेणीबाईंच्या कानावर आलं. मी विचारलं तर म्हणाले, हौ बाई, रोज घेतो.

आता कामाचं. नाटक, संगीत, नृत्याच्या राष्ट्रीय यादीतल्या संस्थांना दिल्लीहून आपत्कालीन मदत मिळणार आहे. आपण त्या यादीत आहोत, शेवटून तिसरे का होईना. फॉर्म बावीस पानांचा आहे. कुकटपल्लीहून निखिल रविवारी आईकडे येतो आणि संगणकावर भरतो. प्रत्येक कलावंताचं एक मिनिटाचं चित्रण हवं होतं, काम करताना. एकनाथरावांनी खोलीतल्या आरशासमोर स्वतःचाच अर्धा चेहरा राजाचा केला, अर्धा तसाच ठेवला, आणि मिनिटभर कॅमेऱ्याकडे बघत बसले. निखिल म्हणाला, हेच सगळ्यांत चांगलं झालंय.

अडलंय ते एका ठिकाणी. माणसं खरोखर सेवेत आहेत याचा तीन वर्षांचा पुरावा मागितलाय. टाइप केलेली यादी जोडू का? चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढून तुम्ही निवृत्त झालात, आता बहिणीच्या कागदातल्या आधीच काढून द्या.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो या दिवसांत पातळ होऊ देऊ नका.

तुमची
उषा


कोथरूड, पुणे
२४ ऑगस्ट २०२०

चि. उषास,
अनेक आशीर्वाद.

पसरलेल्या ओळींत मी तुझी स्तुती केली होती. पुन्हा लिहिणार नाही.

टाइप केलेली यादी अजिबात जोडू नकोस. ती कुणीही आदल्या दिवशी बसून करू शकतो, आणि हे तपासणारा माणूस पहिल्यांदा म्हणतो. मूळ हजेरीपट असेल ना? त्याच्या पानांच्या प्रती काढ, तीनही वर्षांच्या, प्रत्येक पानावर सही आणि शिक्का. हजेरीपट खोटं बोलत नाही. मी नोकरीत हजारो याद्या नाकारल्या असतील, हजेरीपट फारसे नाकारले नाहीत. डोळे मिटून पाठव.

एकनाथचं वाचून वाईट वाटलं. आम्ही दोघं एका बाकावर अलिफ-बे गिरवत होतो, हे तुला ठाऊक आहे. चौथीपर्यंत सगळं शिक्षण उर्दूत, मग राज्य बदललं, शाळा बदलली, मी मराठीत गेलो. त्याचं शिक्षण तिथंच थांबलं. तो अजून उर्दूच लिहितो का? मला लिहिणं जड जातं, पण वाचता येतं. त्याला सांग की मुकुंदनं इंजेक्शन रोज घ्यायला सांगितलंय. माझं ऐकणार नाही, तरी सांग.

निखिलला आशीर्वाद. आहे तशी माया ठेव आणि मास्क नाकाच्या खाली ओढू नकोस.

तुझा
भाऊ


चिक्कडपल्ली
३ डिसेंबर २०२०

ती. स्व. भाऊंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बसला असाल तर वाचा, उभे असाल तर बसा. दिल्लीचं पत्र आलंय. आपला अर्ज स्थगित. बोगस नावं घातल्याचा संशय आहे. हजेरीपटावर बारा नावं, मानधनाच्या पावत्यांवर आठ, आणि उरलेली चार माणसं मृत आहेत, हे त्यांनी शोधून काढलं. त्यात एक वाक्य असं आहे की मृत व्यक्तींची हजेरी शंभर टक्के असून हयात व्यक्तींची ब्याऐंशी टक्के आहे. हे वाचून मला हसू आलं आणि मग मी खुर्चीतच बसून राहिले.

तुम्ही हैदराबाद सोडल्यानंतरची ही रीत आहे, म्हणून सांगते. प्रतापराव, आपले संस्थापक, एकाहत्तर साली नांदेडच्या प्रयोगाला जाताना वाटेत गेले. दुसऱ्या दिवशी तालमीला हजेरी घेताना त्यांचं नाव सवयीनं वाचलं गेलं, आणि त्यांच्या भूमिका करणाऱ्यानं सवयीनंच 'हाजिर' म्हटलं. कुणी हसलं नाही. तेव्हापासून सेवेत असताना जो जातो त्याचं नाव हजेरीत राहतं, आणि त्याचं काम जो करतो तो त्याच्या वतीनं उत्तर देतो, खूण करतो. सकाळी देवापुढे दिवा लावावा तसं आहे ते. पैसा त्या नावावर कधी एक उचलला नाही. पद्मावतीबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. वेशभूषा त्यांची, त्यांच्यासारखं नऊवारी कुणी नेसवू शकलं नाही. एकनाथराव त्यांचे यजमान, त्यांनी रंगपेटीशेजारी कपड्यांचा पेटाराही घेतला, आणि रोज तिच्या नावाला 'हाजिर' म्हणू लागले. आधी तिचं, मग स्वतःचं.

दोष तुमचा नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी ती छत्तीस पानं एकेक करून सही-शिक्का मारून दिली आणि मला ती नावं दिसलीच नाहीत, रोज बघते म्हणून. असं कुणाकडून झालं असेल का सांगा.

बाकीच्यांना मी अजून अर्धंच सांगितलंय. त्रिवेणीबाईंच्या घरात पाच खाणारी आहेत. एकनाथरावांनी घड्याळ विकलं असं शिवराज म्हणतो. डबा त्रिवेणीबाई पाठवतात, तो ते घेतात, पण औषधाचं नाव काढलं की विषय बदलतात. खुलासा महिन्याच्या आत पाठवायचाय. तुम्ही लिहून द्या, मला वाक्यं सुचत नाहीत.

तुमच्या मायेवर विसंबून,
उषा


पुणे
११ डिसेंबर २०२०

चि. उषास,
अनेक आशीर्वाद.

दोष माझा आहे. डोळे मिटून पाठव असं मीच लिहिलं होतं, आणि आयुष्यभर मी लोकांना नेमकं ते करू नका म्हणून सांगत आलो. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती, म्हणाली, अहो, तुम्हाला विचारलंच नसतं तर त्या लोकांना आज मदत मिळाली असती.

खुलाशाचा मसुदा सोबत आहे. रीत सांगितली आहे, पण सजवलेली नाही. कचेरीला भावना दाखवल्या की तिथला माणूस आणखी कागद मागतो. मानधनाच्या पावत्या जोड, बँकेचे उतारे जोड, चौघांचे मृत्यूचे दाखले जोड. जे आहे ते सरळ लिहिलंय. यातला एक शब्द बदलू नकोस.

एकनाथला कुणाकरवी तरी इंजेक्शनं पोचव. मनिऑर्डर पाठवली आहे, माझं नाव सांगू नकोस. म्हणावं मंडळाकडून आलं. खोटं बोलायची वेळ आली तर ते माझ्या खात्यावर.

काळजी घे. मायेत कमी नाही.

तुझा
भाऊ


चिक्कडपल्ली
२० फेब्रुवारी २०२१

ती. स्व. भाऊंस,
सा. न. वि. वि.

तुमचा मसुदा चालला. दिल्लीनं खुलासा मान्य केला, पण एक अट घालून. ज्यानं मृताच्या नावापुढे हजेरीची खूण केली, त्यानंच मूळ हजेरीपटावर त्या नावासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, स्वतःच्या हातानं 'मयत' असं लिहून तारीख घालायची आणि सही करायची. चारही नावांपुढे. एक जरी रकाना राहिला तरी सगळा अर्ज बाद.

तीन झाले. प्रतापरावांच्या नावापुढे शिवराजनं लिहिलं, आता त्यांच्या भूमिकाही तोच करतो. लिहिताना त्याचा हात थांबला होता, पण लिहिलं. त्रिवेणीबाईंनी दोन लिहिले आणि लगेच डब्यांना उशीर होतोय म्हणून निघून गेल्या. राहिले एकनाथराव.

भाऊ, ते नाही म्हणतात. रागावून नाही, अगदी शांतपणे. मी शिवराजला घेऊन दिलसुखनगरला गेले, दाराबाहेर जिन्यावर बसून बोललो. मी समजावलं की हा कागद आहे, नुसता कागद. सात घरं अडली आहेत. तुमचंही औषध अडलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उषाबाई, नाव काढून टाका म्हटले असते तर टाकू दिलं असतं. ते लोकां म्हणतात मी लिवायचं, ती नै म्हणून. सहा साल मी रोज हाजिर म्हटलं. माझ्या हातानं कैसा लिवू?"

मला राग आला. आता लिहायला लाज वाटते, पण आला. परतीच्या वाटेवर मी शिवराजला म्हटलं की मेलेल्या बाईसाठी हा माणूस जितीजागती सात माणसं उपाशी ठेवणार. घरी आल्यावर मला कळलं की मी जे बोलले ते खरं होतं आणि तरीही बोलायला नको होतं. तुमची इंजेक्शनं मात्र घेतली त्यांनी. मंडळाकडून म्हटल्यावर डोळ्याला लावून घेतली.

शेवटची मुदत पंधरा एप्रिल. तुम्ही त्यांच्या बाकावरचे. काही करा.

लोभ असावा, माझा आता कुणावर राहिला नाही असं होऊन बसलंय.

उषा


पुणे
८ मार्च २०२१

चि. उषास,
अनेक आशीर्वाद.

सोबतची चिठ्ठी एकनाथला दे. उर्दूत आहे. सत्तर-बहात्तर वर्षांनी लिहिली, चार दिवस लागले, आणि दोनदा तुझ्या वहिनीनं विचारलं की मी नातसुनेच्या बाळाच्या बारशाची यादी करतोय का. तुला वाचता येणार नाही, तेच बरं आहे. कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

त्याच्यावर रागावू नकोस. त्याला जोर लावू नकोस. चिठ्ठी दे आणि उठून ये.

तुझा
भाऊ


चिक्कडपल्ली
६ मे २०२१

ती. स्व. भाऊंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मी पाच वेळा बसले. एकनाथराव गेले. बावीस एप्रिलला दुपारी.

तुमची चिठ्ठी मी मार्चअखेरीस दिली. त्यांनी ती खिडकीत नेऊन वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला चहा विचारला. काय लिहिलंय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नऊ एप्रिलला त्यांनी शिवराजकडे निरोप पाठवला की येतो. मी म्हटलं असतं तर हजेरीपट त्यांच्या घरी नेता आला असता, भाऊ. अर्ध्या तासाचं अंतर आहे. पण मूळ दप्तर मंडळाच्या बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, आणि दिल्लीचा धसका घेतलेली मी, नियम मोडायला घाबरले. रिक्षा पाठवली. लोक पुन्हा पटापट आजारी पडत होते, हे मला दिसत होतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आणि वाटलं, पुरे झालं.

ते इस्त्रीचा सदरा घालून आले. दोन मास्क, एकावर एक. शाईचं पेन स्वतःचं आणलं होतं. मी पान उघडून पद्मावतीबाईंच्या नावासमोर बोट ठेवलं आणि लांब जाऊन उभी राहिले. त्यांनी उर्दूत लिहिलं, उजवीकडून, फार सावकाश. मग तारीख, मग सही. शाईवर फुंकर घालायला मास्क खाली केला, तेवढाच एकदा मला त्यांचा चेहरा दिसला. रडले नव्हते. उलट हलके वाटले मला. जाताना रंगपेटीचं झाकण पुसलं आणि म्हणाले की रंग वाळलेत, खोबरेल घालून ठेवा.

चौदाला ताप आला. सतराला श्वास लागला. शिवराज त्यांना घेऊन चार दवाखाने हिंडला, पाचव्या ठिकाणी खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर साखर आवरलेली असती तर कदाचित निभावलं असतं. मलाही त्याच आठवड्यात ताप होता, माझा उतरला. त्यांना लागण रिक्षात झाली, मंडळात झाली की माझ्यापासून झाली, हे कुणी सांगू शकत नाही. मी त्यांना बोलावलं होतं एवढं मात्र नक्की आहे.

आम्हाला कुणालाही जाऊ दिलं नाही. शिवराजनं लांबून पाहिलं, सगळं बांधलेलं होतं. ज्या माणसानं साठ वर्षं लोकांची तोंडं रंगवली त्याचं तोंड शेवटी कुणाला दिसलं नाही. तो अर्धा राजाचा व्हिडिओ निखिलकडे आहे. मी तो लावायला सांगते आणि बंद करायला सांगते.

मंजुरीचा आदेश अठ्ठावीस एप्रिलचा आहे. सहा दिवसांनी.

मला आशीर्वाद लिहू नका, तुम्ही बरे आहात एवढंच लिहा.

उषा


पुणे
१७ मे २०२१

चि. उषास,

आम्ही दोघं बरे आहोत. लस झाली.

तू नियम पाळलास. नियम पाळायला शिकवणारा मी. अर्ज अडकला तो माझ्या शहाणपणामुळे. ते आठ महिने गेले नसते तर त्याचं औषध चुकलं नसतं आणि एप्रिलात रिक्षात बसायची वेळ त्याच्यावर आली नसती. हे तुझं समाधान करण्यासाठी लिहीत नाही. हिशेब करायची सवय आहे, तो केला आणि तो माझ्या अंगावर आला.

जमेल तेव्हा त्या पानाची एक प्रत पाठव. एकनाथचं अक्षर मी शाळेनंतर पाहिलेलं नाही. घाई नाही.

आशीर्वाद लिहू नको म्हणालीस. तरी आहेत.

भाऊ


चिक्कडपल्ली
१६ ऑगस्ट २०२१

ती. स्व. भाऊंस,
सा. न. वि. वि.

पहिला हप्ता जुलैत आला. सात जणांना मिळाला. एकनाथरावांचा भाग परत गेला, आदेशाच्या तारखेला हयात नव्हते म्हणून. त्रिवेणीबाईंनी मुलीची फी भरली आणि डबे बंद केले. शिवराज अजून पार्सलं पोचवतो, म्हणतो की भरवसा नाही. मी निर्लज्जासारखी सांगते, पैसे आले तेव्हा मला आनंद झाला. दोन मिनिटं झाला.

आता दुसऱ्या हप्त्याआधी दिल्लीला सुधारित हजेरीपट हवाय. एकनाथरावांच्या नावासमोर 'मयत', तारीख आणि सही. त्यांच्या वतीनं उत्तर देणारं कुणी नाही, कारण रंगभूषा करणारं आता मंडळात कुणीच नाही. म्हणून कचेरीनं सांगितलंय, चिटणीसानं लिहावं. म्हणजे मी. पान तीन दिवस टेबलावर उघडं आहे.

तुम्ही मागितलेली प्रत सोबत आहे. चारही शेरे एकाच पानावर आहेत, सगळ्यांत खालचा त्यांचा. काही झालं तरी अक्षर देखणं आहे, नाही का? मी त्याखाली तसंच नीटस लिहीन असं ठरवलंय.

वहिनींच्या गुडघ्याला तेल लावा, नुसतं विचारू नका. तुमच्या मायेची आता जास्तच गरज पडते.

उषा


पुणे
२७ ऑगस्ट २०२१

चि. उषास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच आणि वाचून ठेवून दे. निखिललाही दाखवू नकोस.

तुझी प्रत मी भिंग घेऊन पाहिली. आधी वाटलं माझं उर्दू विसरलं. मग पुन्हा पाहिली. पद्मावतीच्या नावासमोर एकनाथनं 'मयत' लिहिलेलं नाही. तिथं 'हाजिर' लिहिलंय. तारीखही तिच्या जाण्याची नाही, नऊ एप्रिल दोन हजार एकवीस, तो तिथं आला त्या दिवसाची आहे. खाली सही. त्या शब्दातलं ज़्वाद हे अक्षर त्याला शाळेतही नीट जमत नसे, पोट फार मोठं काढायचा आणि मौलवीसाहेबांची छडी खायचा. तसंच मोठं पोट काढलंय.

दिल्लीत कुणी वाचलं नाही. शाई आहे, तारीख आहे, सही आहे, रकाना भरलेला आहे. मंजूर.

माझ्या चिठ्ठीत काय होतं ते तुला सांगायला हवं. मी त्याला लिहिलं होतं की तपासणारा माणूस बहुतेक वेळा रकाना रिकामा आहे की भरलेला एवढंच पाहतो. तू रकाना रिकामा ठेवू नकोस, त्यात काय लिहायचं ते तुझं तू ठरव. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी असं वाक्य कुणाला लिहून दिलं असतं तर घरी बसलो असतो. तो काय लिहील हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर अंदाज होता.

कागदाच्या दृष्टीनं ते खोटं आहे. कुणी उकरून काढलं तर सात जणांची मदत परत मागतील. म्हणून तू सांगायचं की नाही हे तू ठरव. मला विचारशील तर मी ते पान पुन्हा तपासलं, आणि माझा आक्षेप नाही.

तुझी वहिनी आत आली तेव्हा मी रडत होतो. तिला वाटलं यंत्र बिघडलं.

माया आहे ती आहेच.

तुझा
भाऊ


चिक्कडपल्ली
१२ सप्टेंबर २०२१

ती. स्व. भाऊंस,
उषाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र रंगपेटीत ठेवलंय, खोबरेल घातलेल्या रंगांच्या खाली. तिथं कुणी हात घालत नाही. दिल्लीला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही.

एकनाथरावांच्या नावासमोर मी लिहिलं. मयत. बावीस एप्रिल दोन हजार एकवीस. खाली माझी सही, शिक्का. स्वच्छ देवनागरीत लिहिलं, कुणालाही वाचता येईल असं. दुसरं काय लिहिणार होते, भाऊ, मला त्यांची लिपी येत नाही. पाकीट शुक्रवारी टपालात टाकलं आणि मी पोस्टाच्या पायरीवर बराच वेळ बसले.

काल संध्याकाळी दीड वर्षानं तालीम लागली. सहा जण आले. खुर्च्या लांब लांब ठेवल्या, मास्क लावून पदं म्हटली तर शब्दच कळेनात. दिल्लीसाठी नवा हजेरीपट केलाय, त्यावर सातच नावं आहेत. मी तो बाजूला ठेवला आणि जुना उघडला. प्रतापरावांचं नाव वाचलं, शिवराज 'हाजिर' म्हणाला. पुढच्या दोन नावांना त्रिवेणीबाई म्हणाल्या. मग मी पद्मावतीबाईंचं नाव वाचलं.

कुणी बोललं नाही. बोलणारा राहिला नव्हता. मी थांबले. मग एकनाथरावांचं नाव वाचलं, तेव्हाही कुणी बोललं नाही. सगळे खाली बघत होते. हजेरी घेणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं, ही पहिल्यापासूनची रीत आहे. मी पान उलटलं आणि पेटी सुरू करा म्हटलं. दोन्ही नावांपुढची कालची घरं कोरी आहेत.

रकाना रिकामा ठेवू नये असं तुम्हीच त्यांना लिहिलंत. म्हणून एक काम करा. तो शब्द एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात काढून पाठवा, ज़्वादचं पोट त्यांच्यासारखं मोठं. सुरुवात कुठून करायची तिथं टिंब द्या. अडुसष्टाव्या वर्षी हात वळायला वेळ लागेल. रोज दोन ओळी गिरवीन.

आहात तसे राहा, एवढीच मागणी.

तुमची
उषा